तेरड्याला वीणा, झेंडूला बीटल्स

झाडांना गाणं ऐकवलं की ती जोमानं वाढतात, हे आपण कुठे ना कुठे ऐकलेलं असतं आणि सांगणारा सोबत जगदीशचंद्र बोसांचं नावही घेतो. बोसांनी रोपाची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ बनवला, १९१७ साली कोलकात्यात स्वतःची संशोधन संस्था उभी केली, हे खरंच. पण त्यांच्या कामाचा गाभा विजेचा झटका, उष्णता, औषधं, स्पर्श यांना वनस्पती कसा प्रतिसाद देतात हा होता. रागदारीची गोष्ट त्यांच्या बरीच नंतरची आणि बरीच दक्षिणेकडची आहे.

१९५०च्या दशकात तमिळनाडूतल्या चिदंबरमजवळच्या अण्णामलै विद्यापीठात टी. सी. सिंग हे वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख होते. सूक्ष्मदर्शकाखाली ते हायड्रिला बघत. तळ्यात, फिशटँकमध्ये वाढणारी ही पाणवनस्पती. पानं इतकी पातळ की पेशीतलं जीवद्रव्य गोल फिरताना दिसतं. सिंगांनी तिच्याजवळ नादकाटा वाजवला, शाळेत आपण रबरी ठोकळ्यावर आपटायचो तोच, आणि जीवद्रव्याचा वेग वाढल्याची नोंद केली. मग व्हायोलिन आलं. मग कुंड्यांतल्या तेरड्याला रोज पंचवीसेक मिनिटं वीणेवर खरहरप्रिया (आपल्या काफी थाटाचेच स्वर). सिंगांच्या हिशेबानं वीणा ऐकणाऱ्या तेरड्याला ७२ टक्के जास्त पानं आली आणि उंची २० टक्क्यांनी वाढली. पुढे भाताच्या शेतांत कर्णे लावून चारुकेशी वाजवला गेला. पीक २५ ते ६० टक्के जास्त आल्याचं सांगितलं गेलं.

जास्त, पण कशापेक्षा? त्या भागाच्या सरासरीपेक्षा. शेती केलेला माणूस इथेच थांबेल. सरासरीत पाणी चुकलेलं शेत येतं, रोग पडलेलं येतं, मुरमाड जमिनीतलंही येतं. त्याच बियाण्याचं, त्याच पाटाचं, फक्त गाणं न ऐकलेलं शेत शेजारी ठेवल्याशिवाय कौल कसला द्यायचा? तरीही हा दावा जगभर गेला, कारण १९७३ साली अमेरिकेत पीटर टॉम्पकिन्स आणि ख्रिस्तोफर बर्ड यांचं वनस्पतींच्या ‘गुप्त जीवना’वरचं पुस्तक आलं, ते धडाक्यानं खपलं आणि त्यात सिंगांना मानाचं पान होतं. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. या तेरड्याचा साठ वर्षं होऊन गेली तरी उतरलेला नाही.

त्याच पुस्तकात डेन्व्हरच्या डोरोथी रिटॅलॅकही होत्या. या मूळच्या संगीतातल्या बाई. १९६०च्या दशकाच्या शेवटी कॉलेजात जीवशास्त्राच्या विषयासाठी त्यांनी प्रयोग मांडला. रॉक ऐकणारी रोपं स्पीकरपासून दूर झुकली आणि मरगळली. बाखचं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत आणि रविशंकरांची सतार ऐकणारी स्पीकरकडे ओढली गेली, असा त्यांचा निष्कर्ष. रोपं मोजकीच होती, आणि पाणी, उजेड, हवेतला ओलावा यांवरचं नियंत्रण ढिलं असल्याचं वनस्पतिशास्त्रज्ञांनी पुढे दाखवून दिलं. मला मात्र वेगळीच गंमत वाटते. अण्णामलैच्या रोपांना कर्नाटक संगीत आवडलं. रॉकचा गोंगाट न आवडणाऱ्या बाईंच्या रोपांनाही रॉक आवडला नाही. ज्याची जी आवड, तीच त्याच्या झाडांची.

खरं तर उत्तर १९६५ सालीच छापून आलं होतं. रिचर्ड क्लाइन आणि पामेला एड्सॉल यांनी झेंडूच्या रोपांना ग्रेगोरियन चर्चगीतं, मोत्सार्ट, जॅझ आणि बीटल्स असं सगळं ऐकवलं. काहीही फरक पडला नाही. बीटल्समुळे एकही पान गळलं नाही, अशी टिप्पणीही त्यांनी गंभीर शोधनिबंधात करून टाकली. पण ‘फरक पडत नाही’ या बातमीला कोण विचारतो?

या सगळ्याच्या मुळाशी असलेला धागा डार्विनकडे सापडतो. त्यानं मुलगा फ्रान्सिसला एका झाडाजवळ बसून वाजवायला लावलं. (बसून हे लाकडी फुंकवाद्याचं नाव, ते उभ्यानंही वाजवतात.) असल्या प्रयोगांना तो स्वतःच खुळे प्रयोग म्हणायचा. पुढे हाच बसून त्यानं गांडुळांना ऐकवला, शिट्टी ऐकवली, पियानो ऐकवला, गांडुळं ढिम्म. मग त्यांच्या कुंड्या थेट पियानोवर ठेवल्या आणि पट्टी दाबली. गांडुळं झटकन बिळात. १८८१च्या पुस्तकात त्यानं हे लिहून ठेवलं आहे: हवेतून येणारा आवाज नाही, मातीतून येणारी थरथर.

झाडांच्या बाबतीतही थरथरीचंच पुढे सिद्ध होत गेलं. १९७३ साली मॉर्डेकाय जॅफे यांनी दाखवलं की रोप रोज चोळलं तर ते उंच होण्याऐवजी बुटकं आणि दणकट होतं, वाऱ्याच्या माऱ्यातल्या झाडासारखं. म्हणजे स्पीकरच्या धक्क्यांनी खरोखर काही होत असेल, तर उंची वाढण्याऐवजी खुंटण्याचीच शक्यता जास्त. वांग्याच्या फुलात पराग टोकाच्या बारीक भोकातून बाहेर पडतो. भुंगा फुलाला मिठी मारून अंग थरथरवतो, तेव्हा मीठदाणी हलवावी तसा तो सांडतो. मधमाशीला हे जमत नाही. २०१९ मध्ये तेल अवीवच्या संशोधकांना इव्हनिंग प्रिमरोजच्या फुलात मधमाशीचा गुणगुणाट ऐकवल्यावर तीन मिनिटांत मधुरस जास्त गोड झालेला आढळला.

त्याआधी २०१४ मध्ये मिसुरी विद्यापीठात हायडी ॲपेल आणि रेक्स कॉक्रॉफ्ट यांनी कोबीवरची अळी पान कुरतडताना होणारी थरथर टिपून मोहरीच्या कुळातल्या एका रोपाच्या पानांना दिली. नंतर खऱ्या अळ्या सोडल्या, तेव्हा या रोपांनी बचावाची रसायनं जास्त तयार केली. मोहरी फेसल्यावर नाकात जाणारा झणका ज्यांतून येतो, त्याच जातीची ती रसायनं. तुलनेसाठी काही रोपांना वाऱ्याची थरथर दिली होती, काहींना तुडतुड्याचं गाणं. गाण्याला रोपांनी दाद दिली नाही.