इ. स. १९३६

इ. स. १९३६ (शके १८५७–५८) हे बुधवारी सुरू झालेले लीप वर्ष. दुसऱ्या महायुद्धाला १ सप्टेंबर १९३९ रोजी तोंड फुटले, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत या वर्षाला ‘युद्धपूर्व’ म्हणतात. हा शब्द पश्चिम युरोपच्या खिडकीतून पाहणाऱ्यांचा आहे. इथिओपियात वर्ष उजाडले तेच लढाईत, स्पेन जुलैमध्ये पेटला, आणि चीनचा मांचुरिया प्रांत जपानने १९३१ पासून बळकावला होता. तिथल्या माणसांच्या दृष्टीने युद्ध सुरू झालेलेच होते.

मोडलेले करार

ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने इथिओपियावर (तेव्हाच्या बोलीत ॲबिसिनियावर) आक्रमण केले. इटालियन विमानांनी सैनिकांवर आणि गावांवर विषारी वायूचा मारा केला. ५ मे १९३६ रोजी राजधानी अदिस अबाबा पडली. देश सोडून गेलेला सम्राट हैले सेलासी ३० जून रोजी जिनिव्हाला राष्ट्रसंघासमोर (लीग ऑफ नेशन्ससमोर) स्वतः उभा राहिला. तो बोलू लागताच इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवून गोंधळ घातला. त्यांना बाहेर काढल्यावर त्याने आपल्या अम्हारिक भाषेत भाषण केले. राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध लादले होते, पण त्यांतून तेल वगळले होते, आणि तेलावाचून इटलीचे रणगाडे व विमाने हललीच नसती. जुलैमध्ये उरलेले निर्बंधही उठवले गेले. छोट्या राष्ट्राने न्याय मागायचा कुठे, या प्रश्नाचे उत्तर राष्ट्रसंघाला देता आले नाही, आणि त्यानंतर त्याच्या शब्दाला कोणी किंमत दिली नाही.

जग इथिओपियाकडे पाहत असतानाच, ७ मार्च रोजी, जर्मन सैन्य आपल्याच देशाच्या पश्चिम सीमेवरील ऱ्हाइनलँडमध्ये शिरले. पहिल्या महायुद्धानंतरचा व्हर्सायचा तह आणि १९२५ चा लोकार्नो करार या दोन्हींनुसार तिथे सैन्य ठेवायला मनाई होती. फ्रान्स जागचा हलला नाही, ब्रिटनने समजुतीची भाषा केली. वर्षअखेरीस गट पडले: १ नोव्हेंबरला मुसोलिनीने रोम-बर्लिन ‘अक्षा’ची घोषणा केली आणि २५ नोव्हेंबरला जर्मनी व जपान यांनी कम्युनिस्टविरोधी करारावर सह्या केल्या.

स्पेनमध्ये निवडून आलेल्या प्रजासत्ताक सरकारविरुद्ध १७ जुलै रोजी मोरोक्कोतील सेनाधिकाऱ्यांनी बंड केले. बंडखोर सेनानी फ्रँकोच्या सैनिकांना समुद्र ओलांडून मायदेशी आणायला जर्मन आणि इटालियन विमाने धावली. ब्रिटन-फ्रान्सने मात्र हस्तक्षेप न करण्याचे धोरण धरले आणि सरकारला उघडपणे शस्त्रे मिळेनाशी झाली. ऑगस्टमध्ये ग्रानादाजवळ कवी फेदेरिको गार्सिया लोर्काला गोळ्या घालण्यात आल्या. त्याचे वय ३८ होते आणि त्याचे शव अजून सापडलेले नाही. त्याच महिन्यात मॉस्कोत स्टालिनने झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह या लेनिनच्या जुन्या सहकाऱ्यांवर जाहीर खटला भरून त्यांना ठार केले.

बर्लिन

१ ऑगस्ट रोजी बर्लिनचे ऑलिंपिक सुरू झाले. ४९ देशांनी भाग घेतला. ग्रीसमधील ऑलिंपियाहून ज्योत पळत आणण्याची प्रथा याच वेळी सुरू झाली. आज ती प्राचीन परंपरा वाटते, पण तिचा जन्म नाझी राजवटीच्या आयोजनातला आहे. अमेरिकेच्या जेसी ओवेन्सने १०० मीटर, २०० मीटर, लांब उडी आणि रिले अशी चार सुवर्णपदके जिंकली. वंशश्रेष्ठत्वाचा डंका वाजवणाऱ्यांच्या अंगणात एका कृष्णवर्णीयाने मिळवलेले हे यश साऱ्या जगाला ठाऊक आहे.

त्याच मैदानावरची दुसरी गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. मॅरेथॉन जिंकली ती सोन की-चोंग या कोरियन तरुणाने. कोरिया जपानच्या ताब्यात असल्यामुळे त्याला जपानच्या गणवेशात, जपानी उच्चाराचे नाव लावून धावावे लागले. तिसरा आलेला नाम सुंग-योंगही कोरियनच. विजयमंचावर जपानचे राष्ट्रगीत वाजू लागले तेव्हा दोघांनी माना खाली घातल्या. विजेत्याला भेट मिळालेले ओकचे रोप सोनने छातीशी धरले आणि गणवेशावरचा जपानचा सूर्य पानांआड गेला. नामच्या हातात असे रोप नव्हते. सोलच्या ‘दोंग-आ इल्बो’ या दैनिकाने नंतर सोनचे छायाचित्र छापताना तो सूर्य पुसून टाकला. त्याबद्दल तिथल्या लोकांना अटक झाली आणि दैनिक कित्येक महिने बंद राहिले. पुढे १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ज्योत घेऊन मैदानात पळत आलेला वृद्ध तो हाच सोन.

गुलामीत वाढलेला आणखी एक संघ तिथे होता. ध्यानचंदच्या नेतृत्वाखाली भारतीय हॉकी संघाने १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८–१ असे हरवून सलग तिसरे सुवर्णपदक मिळवले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही बर्लिनला गेले होते. आपल्याकडे हुतूतू म्हणून खेळल्या जाणाऱ्या कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके त्याने दाखवली. वऱ्हाडातल्या आखाड्याची माती अंगाला लावलेल्या पोरांनी तेवढ्या मोठ्या मंचावर आपला खेळ मांडला, ही नोंद ऑलिंपिकच्या पदकांच्या यादीत सापडणार नाही, म्हणून ती इथे असायला हवी.

बर्लिनबाहेर, जुलैमध्ये मँचेस्टरच्या क्रिकेट कसोटीत विजय मर्चंट (११४) आणि मुश्ताक अली (११२) यांनी सलामीला २०३ धावा जोडल्या. २९ ऑगस्टला गिर्यारोहक टिलमन आणि ओडेल नंदादेवीच्या (७,८१६ मीटर) माथ्यावर पोहोचले. त्याहून उंच शिखर माणसाने सर केले ते थेट १९५० मध्ये, अन्नपूर्णा.

विद्या आणि साधने

अर्थशास्त्रज्ञ केन्सचा रोजगार, व्याज आणि पैसा यांवरील ग्रंथ याच वर्षी आला. आज संगणकशास्त्राचा पाया मानला जाणारा ॲलन ट्युरिंगचा निबंधही १९३६ चाच. बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी २ नोव्हेंबरला लंडनमध्ये सुरू झाली, तर भारतात जूनमध्ये सरकारी नभोवाणीला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. टास्मानियात होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात ७ सप्टेंबरला शेवटचा ज्ञात थायलासीन (पाठीवर पट्टे असलेला मांसाहारी पिशवीधारी प्राणी) मेला. ही जात तेव्हापासून जिवंत पाहिल्याचा पुरावा नाही.

भारत

एप्रिलमध्ये लखनौला प्रगतिशील लेखक संघाची पहिली परिषद प्रेमचंदांच्या अध्यक्षतेखाली भरली. त्यांची ‘गोदान’ ही कादंबरी त्याच वर्षी आली, आणि ८ ऑक्टोबरला ते गेले. गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला गेले. त्या गावाचे पुढे सेवाग्राम झाले. १२ नोव्हेंबरला त्रावणकोर संस्थानाने मंदिरे सर्व हिंदूंना खुली केली.

पण या वर्षीचा सर्वांत खणखणीत आवाज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा होता. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले, भाषणाचा मजकूर वाचल्यावर त्यात बदल मागितले, आणि त्यांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवल्यावर अधिवेशन बारगळले. न झालेले ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले. ‘जातिनिर्मूलन’ या नावाने ते मराठीत ओळखले जाते. पहिल्या आवृत्तीच्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. येवल्याला १९३५ मध्ये केलेल्या धर्मांतराच्या घोषणेनंतर पुढची वाट कोणती, हे त्यांनी ३१ मे रोजी मुंबईच्या महार परिषदेत ‘मुक्ती कोन पथे?’ या भाषणात मराठीतून, आपल्या माणसांना समजेल अशा शब्दांत उलगडले. ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला.

डिसेंबर

शनिवार, १२ डिसेंबर हा दिवस जवळून पाहण्यासारखा आहे. जानेवारीत वारलेल्या पाचव्या जॉर्जच्या गादीवर बसलेला आठवा एडवर्ड घटस्फोटित अमेरिकन स्त्रीशी लग्न करता यावे म्हणून आदल्याच दिवशी राज्यत्याग करून मोकळा झाला होता, आणि लंडनमध्ये सहाव्या जॉर्जच्या नावाची द्वाही फिरत होती. चीनमध्ये शीआनजवळच्या उष्ण पाण्याच्या झऱ्यांपाशी मुक्कामाला असलेल्या चीनच्या राष्ट्रवादी सरकारच्या प्रमुखाला, चँग कै-शेकला, पहाटे त्याच्याच सेनापतींनी पकडले. भिंतीवरून उडी मारून पळताना त्याची कवळी मागेच राहिली. कम्युनिस्टांशी भांडण थांबवा आणि जपानशी लढा, अशी पकडणाऱ्यांची मागणी होती. २५ तारखेला त्याची सुटका झाली आणि त्यातून जपानविरोधी आघाडी उभी राहिली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये गेले ते याच लढणाऱ्या चीनमध्ये.

आणि त्याच दिवशी मुंबईत ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, विष्णुपंत पागनीसांचा तुकोबा आणि गौरीबाईंची आवली. पोर आजारी पडल्यावर हातात वहाण घेऊन विठ्ठलावर धावून जाणारी ती आवली पाहताना घरातली बाईच समोर उभी असल्यासारखे वाटते. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. त्यातला ‘आधी बीज एकले’ हा अभंग तुकोबांचाच समजून आजही गायला जातो. तो लिहिला आहे शांताराम आठवले यांनी.

महिनाअखेरीस पूर्व खानदेशातील फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. तोवरची अधिवेशने शहरांत होत असत, खेड्यातले हे पहिले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. शांतिनिकेतनहून आलेल्या नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळणारे साधे साहित्य वापरून परिसर सजवला. तयारीसाठी राबणाऱ्यांत धनाजी नाना चौधरी आणि साने गुरुजी होते. कूळ, खंड (जमिनीचे भाडे) आणि शेतकऱ्याचे कर्ज यांवरचा कार्यक्रम इथे मंजूर झाला. पुढची हरिपुरा (१९३८) आणि त्रिपुरी (१९३९) ही अधिवेशनेही खेड्यांतच झाली.