पॉवर सप्लाय गेला की लॉजिक कार्ड? जुना लेझर प्रिंटर चालूच होत नसेल तर आधी हे बघा

मागच्या मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, रात्रभर लाईट जात-येत होती, आणि सकाळी बटण दाबलं तर दुकानातला दहा वर्षं जुना लेझर प्रिंटर चालूच होईना. एकही दिवा नाही, आवाज नाही, आणि समोर सातबाऱ्याच्या प्रिंटसाठी माणसं उभी. ज्यांच्याकडे नेला त्यांनी झाकणही न उघडता सांगितलं, "ताई, बोर्ड गेलंय, आता नवाच घ्या." कुठलं बोर्ड विचारलं तर नीट उत्तर नाही. मला हे खरंच लागलं, कारण "बोर्ड गेलं" म्हणताना दोन एकदम वेगळे बिघाड एकाच नावाने सांगितले जातात आणि एकात प्रिंटर वाचवणं सोपं असतं, दुसऱ्यात अवघड.

पहिला म्हणजे पॉवर सप्लाय. भिंतीतले २३० व्होल्ट घेऊन तो आतल्या मोटरसाठी २४ व्होल्ट आणि चिप्ससाठी ३.३ किंवा ५ व्होल्ट डीसी बनवतो, बास, त्याला तुमच्या पीडीएफशी काही देणंघेणं नाही. दुसरं लॉजिक कार्ड, काहीजण फॉर्मॅटर म्हणतात, यूएसबीची वायर जिथे लागते ते. कॉम्प्युटरकडून आलेलं समजून घ्यायचं काम त्याचं. (लहान लेझरमध्ये पॉवर सप्लाय आणि मोटर-हीटर सांभाळणारं सर्किट बऱ्याचदा खाली एकाच मोठ्या प्लेटवर असतं, त्यामुळे मेकॅनिक सगळ्यालाच पॉवर कार्ड म्हणतात, गोंधळ तिथूनही होतो.)

काहीही उघडायच्या आधी केबल बदलून बघा. लेझरची केबल बहुतेक वेळा सीपीयूला असते तीच असते, त्यामुळे घरात दुसरी सापडतेच. आणि काही मॉडेल स्वतःहून बंद होतात, ऑटो ऑफ असतं, तेव्हा बटण थोडा वेळ दाबून धरा.

आता फरक. सप्लाय पूर्ण गेला असेल तर प्रिंटर माझ्या प्रिंटरसारखा, म्हणजे ठार शांत. अर्धवट गेला असेल तर दिवा लागतो पण मोटर फिरायला लागली की बंद पडतो, कारण आतले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे डबे) बऱ्याचदा फुगलेले असतात आणि लोड आला की व्होल्टेज कोसळतं. लॉजिक कार्ड गेलं असेल तर बऱ्याचदा आतून घुर्र ऐकू येतं, रोलर फिरतात, पण पुढे काहीच होत नाही किंवा सगळे दिवे लागूनच राहतात आणि कॉम्प्युटरला प्रिंटर दिसतच नाही.

पण खरी फसगत इथे आहे बघा: लॉजिक कार्ड शॉर्ट झालं तर ते सप्लायलाच खाली ओढतं, सप्लाय स्वतःला वाचवायला बंद होतो, कधी कधी बारीक टिक-टिक येत राहते, आणि बाहेरून वाटतं सप्लायच गेलाय. म्हणून मेकॅनिकला एवढंच म्हणा की सप्लायकडून लॉजिक कार्डला जाणारी वायर काढून सप्लायचं आउटपुट मल्टिमीटरवर मोजून दाखवा. वायर काढल्यावर व्होल्टेज परत आलं तर दोष बहुधा कार्डात, तरीही नाही आलं तर सप्लायकडे बघायचं. हे घरी करू नका हां, २३० एसीचं डीसी झालं की मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकून राहतात.

माझा शेवटी टीव्ही रिपेअर करणाऱ्या एका काकांनी उघडला. फ्यूज उडलेला आणि शेजारचा व्हॅरिस्टर, ती निळी चकती, काळी पडलेली. जास्त व्होल्टेज आलं की ती स्वतः शॉर्ट होऊन फ्यूज उडवते आणि पुढचं सगळं वाचवते. दोन्ही बदलले आणि प्रिंटर सुरू. नुसता फ्यूज बदलून मात्र चालत नाही, तो उडाला कशाने ते शोधावंच लागतं, नाहीतर परत उडतो, आणि तिथे तार गुंडाळणं म्हणजे आगीला आमंत्रण.

त्यामुळे सप्लाय असेल तर माझं मत दुरुस्त कराच, सुटे पार्ट साधे असतात. लॉजिक कार्ड असेल तर मॉडेलवर आहे. १२ए टोनर चालणारे एचपीचे लेझरजेट १०२० किंवा कॅननचे एलबीपी २९०० इतके खपलेत की जुनी काढलेली कार्डं मिळतात. वेगळं मॉडेल असेल तर कार्ड शोधत फिरावं लागतं आणि मिळालं तरी तेही तेवढंच जुनं, म्हणून तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर प्रिंट काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय फ्यूजरची (टोनर तापवून कागदावर चिकटवणाऱ्या भागाची) फिल्म फाटली असेल, किंवा आत्ताच्या विंडोजला ड्रायव्हरच नसेल, तर कार्डावर खर्च करू नये असं मला वाटतं.

इंकजेटवाल्यांसाठी एकच: त्यात शाई फवारणारं हेड शॉर्ट होऊनही कार्ड मरतं. हेड न तपासता कार्ड बदललं तर नवीनही जळू शकतं.

आमचा अजून रोज सातबारे काढतोय. छोट्या यूपीएसवर लावत नाही, फ्यूजर तापताना खूप करंट ओढतो, आणि ढग दाटले की दुकान बंद करताना मी प्लगच काढून ठेवते.