सोललेल्या नारळाएवढी स्प्रिंग

एप्रिल २०२१ मध्ये सिट्रोएन ही फ्रेंच कंपनी सी५ एअरक्रॉस घेऊन भारतात उतरली, तेव्हा जाहिरातींत 'उडत्या गालिचा'ची भाषा होती. त्यात गाडीच्या नावातच 'एअर'. मग 'सिट्रोएनच्या गाड्या हवेवर चालतात' हे जुनं ऐकीव ज्ञान पुन्हा फिरू लागलं. यातली एकही गोष्ट धड नाही. सी५ एअरक्रॉसला चारचौघींसारख्या लोखंडी स्प्रिंगाच आहेत. फरक आहे तो शॉकअपमध्ये. खड्ड्यात शॉकअप पार तळाला गेला की एरवी तो रबरी ठोकळ्यावर आपटतो. इथे दोन्ही टोकांना तेलाचे जादा अडथळे बसवलेत, त्यामुळे शेवटचा धक्का आपटण्याऐवजी विरून जातो. चांगली युक्ती आहे. गालिचा मात्र नव्हे.

ज्या गाड्यांमुळे ही दंतकथा जन्मली त्या हवेवर चालत नव्हत्या. त्यांचा भार तेलावर आणि नायट्रोजनवर असे. त्या रचनेला हायड्रोन्यूमॅटिक सस्पेन्शन म्हणतात. हा लेख तिच्याबद्दलच आहे, पण आधी फ्रान्समधल्या तीन घराण्यांची तोंडओळख करून घेऊ.

प्युजो सर्वांत जुनं. १८१० मध्ये या कुटुंबाने धान्य दळायच्या गिरणीचं पोलादाच्या कारखान्यात रूपांतर केलं. करवतीची पाती, कॉफी दळायची यंत्रं, मिरपूड कुटायची भांडी असा त्यांचा माल होता. सिंहाचं चिन्हही करवतीच्या दातांवरून आलेलं आहे. १८८९ मध्ये त्यांनी वाफेची तिचाकी दाखवली आणि लगेच पेट्रोलकडे वळले. १९२९ च्या २०१ पासून मधे शून्य असलेले तीन आकडी क्रमांक त्यांनी आपलेच मानले. पोर्शेने ९०१ हे नाव जाहीर केल्यावर प्युजोने हरकत घेतली, म्हणून जगाला ९११ मिळाली. १९९० च्या दशकात प्रीमियर कंपनीबरोबर कल्याणच्या कारखान्यात प्युजो ३०९ बनत असे, हे ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या मेकॅनिकांना अजून आठवत असेल.

लुई रेनॉने २४ डिसेंबर १८९८ च्या रात्री पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवरची चढाची लेपिक गल्ली आपल्या घरगुती गाडीने चढून दाखवली. गाडीत साखळी नव्हती. वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा जोर दांड्यातून थेट मागच्या चाकांकडे जाई. त्या रात्रीच मागण्या आल्या आणि पुढच्या वर्षी कंपनी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांसाठी उत्पादन केल्याच्या आरोपावरून लुईला १९४४ मध्ये अटक झाली, त्याच वर्षी तो कैदेत वारला आणि १९४५ मध्ये कंपनी सरकारजमा झाली. आपल्याकडे महिंद्राबरोबर नाशिकला बनलेली लोगन याच रेनॉची.

तिसरा आंद्रे सिट्रोएन. हा मुळात गिअर बनवणारा. साध्या तिरक्या दात्यांचा गिअर फिरताना दांड्याला बाजूला ढकलतो. दाते 'व्ही' आकारात कापले की दोन्ही बाजूंचं ढकलणं एकमेकांना मारतं. कंपनीच्या चिन्हातले दोन उलटे 'व्ही' म्हणजे हेच दाते. गाड्या १९१९ पासून. १९३४ मध्ये पुढची चाकं ओढणारी, वेगळ्या चासीशिवाय बांधलेली 'त्राक्सियाँ अव्हाँ' आली आणि तिच्या खर्चात कंपनी बुडाली. मिशेलिन या टायरवाल्यांनी ती ताब्यात घेतली. १९७० च्या दशकात ती प्युजोकडे गेली आणि २०२१ पासून दोघी स्टेलँटिस या समूहात नांदतात.

आडनावाची एक गंमत. आंद्रेचे पूर्वज डच होते, लिंबं विकणारे. डच भाषेत 'सित्रून' म्हणजे लिंबूच. आपल्याकडे नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडायची पद्धत आहे. ही तर गाडीच लिंबाच्या नावाची. तरी तिचेही टायर फुटतात. ते टिकवायचे तर महिन्यातून एकदा, टायर थंड असताना हवा तपासावी. त्यात लिंबाचा काही हात नाही.

आता मूळ विषय. गाडीच्या स्प्रिंगकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो. खड्डा अंगाला लागू नये म्हणून ती मऊ हवी आणि पाच माणसं नि सामान चढल्यावर गाडी बसू नये म्हणून ती कडक हवी. एका चाकावर ४०० किलो भार आहे असं धरा. गाडी सेकंदाला ०.८३ वेळा, म्हणजे १.२ सेकंदाला एकदा डुलेल इतकी मऊ लोखंडी स्प्रिंग घेतली, तर त्या चाकावर आणखी १०० किलो येताच गाडी ९ सेंटिमीटर खाली बसते. दिवे आभाळाकडे बघू लागतात, पोट रस्त्याला घासतं. म्हणून कारखाने स्प्रिंग कडक करतात आणि बहुतेक गाड्या सेकंदाला एक ते दीड वेळा डुलतात. मऊपणा सोडावा लागतो तो रस्त्यामुळे नव्हे, वजनामुळे.

हे भांडण पॉल माजेस या माणसाने मिटवलं. तो सतराव्या वर्षी सिट्रोएनमध्ये लागला. अभियांत्रिकीची पदवी त्याच्याकडे नव्हती. त्याने लोखंडी स्प्रिंग काढून टाकली आणि प्रत्येक चाकावर सोललेल्या नारळाएवढा पोलादी गोळा बसवला. गोळ्याच्या मधोमध रबराचा पडदा असतो. पडद्याच्या वर कायमचा कोंडलेला नायट्रोजन, खाली तेल. चाक वर आलं की दट्ट्या तेलाला ढकलतो, तेल पडद्याला आणि पडदा वायूला. तेल दाबलं जात नाही, ते फक्त निरोप पोचवतं. स्प्रिंगचं काम वायू करतो. गोळ्याच्या मानेत बारीक भोक आणि पातळ पोलादी चकत्यांची झडप असते. तिथून जाता-येताना तेल अडखळतं, तोच शॉकअप. नायट्रोजन अशासाठी की साध्या हवेतला ऑक्सिजन आणि दमटपणा रबराला नि पोलादाला खातो, शिवाय दाबाखाली तेल आणि ऑक्सिजन जवळ ठेवणं धोक्याचं.

आता आकडे. ज्यांना आकडेमोड नको त्यांनी पुढचे दोन परिच्छेद ओलांडले तरी चालेल, पण मजा तिथेच आहे.

उदाहरणादाखल ४०० घनसेंटिमीटरचा गोळा घ्या, त्यात ५० बार दाबाने नायट्रोजन. (टायरमध्ये साधारण सव्वादोन बार असतो.) दट्ट्याचं क्षेत्रफळ १० चौरस सेंटिमीटर, आणि चाक दट्ट्याच्या दुप्पट हलतं, म्हणून दट्ट्यावर चाकाच्या दुप्पट भार येतो. चाकावर ४०० किलो आले की तेलाचा दाब ८० बारच्या आसपास जातो. शाळेतला बॉइलचा नियम लावा : ४०० गुणिले ५०, भागिले ८०, म्हणजे वायू २५० घनसेंटिमीटरमध्ये मावला. भार ५०० किलो झाला की दाब १०० बार आणि आकारमान २००. वायू ५० घनसेंटिमीटरने आकसला, दट्ट्या ५ सेंटिमीटर सरकला, चाकाशी गाडी १० सेंटिमीटर बसली. म्हणजे इथवर तर लोखंडी स्प्रिंगपेक्षाही वाईट! पण गाडी परत वर आणायला काय लागेल? त्या दट्ट्यामागे ५० घनसेंटिमीटर तेल. जेमतेम अर्धा ग्लास कटिंग चहा. पंपाने तेवढं तेल आत ढकललं की गाडी होती त्या उंचीवर. वायूला कुणी हात लावलेला नाही.

आणि मऊपणाचं काय झालं? गणित मांडलं तर डुलण्याचा वेग वायूच्या 'स्तंभाच्या उंची'वर ठरतो : वायूचं आकारमान भागिले चाकापाशी मोजलेलं परिणामी क्षेत्रफळ. आपल्या उदाहरणात २५० भागिले ५ (चाक दुप्पट हलतं, म्हणून दट्ट्याच्या १० चं निम्मं), म्हणजे ५० सेंटिमीटर. याला १.४ ने भागा. झपाट्याने दबणारा वायू तापतो आणि त्यामुळे जास्त ताठर वागतो, त्याची ही दुरुस्ती. येतात ३६ सेंटिमीटर. गाडी बरोबर ३६ सेंटिमीटर दोरीच्या लंबकासारखी डुलते, १.२ सेकंदाला एकदा. भार ५०० किलो झाला की स्तंभ ४० सेंटिमीटर, लंबक साडेअठ्ठावीस, डुलणं १.०७ सेकंदाला एकदा. किंचित कडक झाली. लोखंडी स्प्रिंगवर उलट होतं : भार वाढला की गाडी आणखी संथ, हेलकावे खात चालते. खऱ्या हवेच्या सस्पेन्शनमध्ये, जे बसगाड्यांना असतं, उंची राखायला हवाच वाढवतात. तिथे आकारमान कायम राहतं, म्हणून डुलणं भरल्या-रिकाम्या गाडीत जवळपास सारखंच. एकाच प्रश्नाची ही तीन वेगळी उत्तरं आहेत. तेव्हा बसचं हवेचं सस्पेन्शन आणि सिट्रोएनचा गोळा एकाच पिशवीत भरू नयेत.

तेल किती ढकलायचं हे ठरवतो उंची-नियंत्रक. बोटाएवढी सरकती झडप, तिचा दांडा अँटी-रोल बारच्या, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या पोलादी कांबीच्या, मध्यभागी जोडलेला. मध्यभागी अशासाठी की डावं चाक वर आणि उजवं खाली गेलं तर मधला भाग वळत नाही. दोन्ही चाकं मिळून बसली तरच झडपेला कळतं. पुढे एक, मागे एक, अशा दोनच झडपा पुरतात. पण मग प्रत्येक खड्ड्यात झडप तेल आत-बाहेर का करत नाही? कारण तिच्या दोन्ही टोकांना तेलाने भरलेल्या छोट्या खोल्या आहेत. झडप सरकायची तर एका खोलीतलं तेल अरुंद वाटेने दुसरीत जावं लागतं आणि त्याला काही सेकंद लागतात. खड्डा तोवर मागे पडलेला असतो. माणूस मात्र बसलेलाच राहतो. क्षणिक धक्का आणि टिकाऊ भार यांतला फरक संगणकाशिवाय, एका चिंचोळ्या वाटेने ओळखणं ही या सगळ्या यंत्रातली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट आहे.

१९५४ मध्ये हे आधी फक्त मागच्या चाकांना आलं. १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात सिट्रोएनची डीएस ही गाडी चारही चाकांवर ते घेऊन अवतरली. फ्रेंच लोक तिला 'देएस' म्हणतात आणि त्यांच्या भाषेत या उच्चाराचा अर्थ 'देवी' असाही होतो. इंजिनावरचा पंप तेलाचा दाब १५० ते १७५ बारच्या दरम्यान राखे आणि त्याच तेलावर ब्रेक, स्टिअरिंग नि क्लच चाले. ब्रेकला पायडल नव्हतं, रबरी बटण होतं. पुढे जीएस, सीएक्स, बीएक्स या गाड्यांत मागच्या ब्रेकला दाब मागच्या सस्पेन्शनमधूनच दिला. मागे माणसं बसली की तिथला दाब आपोआप वाढतो, म्हणून मागचा ब्रेकही जास्त लागतो. गाडी रिकामी असेल तर कमी, त्यामुळे मागची चाकं जाम होऊन घसरत नाहीत. रोल्स-रॉइसने १९६५ च्या सिल्व्हर शॅडोसाठी उंची राखणारा भाग परवाना घेऊन वापरला.

२२ ऑगस्ट १९६२ ला पॅरिसजवळ राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या डीएसवर गोळीबार झाला. टायर फुटले, तरी गाडी निसटली. 'गोळ्यांनी गोळ्यांपासून वाचवलं' असं तेव्हापासून सांगतात. यात अतिशयोक्ती आहे. सस्पेन्शनने गाडी सपाट ठेवायला मदत केली असेल, पण फुटलेला टायर स्टिअरिंग हिसकावतो तो वेगळ्या कारणाने. बहुतेक गाड्यांत चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो टायर रस्त्याला टेकतो त्या बिंदूच्या बाजूला पडतो. डीएसमध्ये पुढच्या चाकांचा अक्ष थेट त्या बिंदूतून जातो, म्हणून हिसका बसत नाही. शिवाय चालक पट्टीचा होता.

बिघाडांकडे येऊ. नायट्रोजन रबरातून हळूहळू झिरपतो, काही वर्षांत गोळा रिकामा होतो. मग चाकावर फक्त तेल उरतं, आणि तेल दबत नसल्याने गाडी दगडासारखी आदळते. म्हणजे या गाड्यांत 'स्प्रिंग गेली' याचं लक्षण लोंबणं नसून कडकपणा आहे, आणि इथेच नवखे मेकॅनिक फसतात. तपासणी सोपी : इंजिन चालू ठेवून चालकाजवळच्या उंची बदलायच्या दांड्याने उंची नेहमीच्या खुणेवर आणा, गाडीच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर द्या. गाडी सहज खाली जाऊन परत यायला हवी. हलत नसेल तर त्या बाजूचा गोळा संपला. पंपाशेजारी मुख्य साठवणीचा गोळा असतो. तो मेला की दाब-नियंत्रकाची, म्हणजे पंपाचा दाब ठरल्या मर्यादेत राखणाऱ्या झडपेची, टिक-टिक वाढते. काही न वापरता उभ्या गाडीत दोन टिकांमध्ये अर्धं मिनिट गेलं तर ठीक. चार-पाच सेकंदांवर आली तर गोळा बदला, नाहीतर पंप झिजतो आणि इंजिन बंद पडल्यावर ब्रेकसाठी साठा उरत नाही.

गोळा काढण्याआधी उंचीचा दांडा सर्वांत खाली आणा आणि दाब-नियंत्रकावरचा स्क्रू एक-दीड आटा सैल करून दाब सोडा. १५० बारचं तेल बारीक चिरेतून उडालं तर कातडी भेदतं. गोळा पट्ट्याच्या पान्याने सैल करायचा, पण नवा हातानेच घट्ट करायचा, नवं ऑइल सील तेलात बुडवून. पान्याने आवळला तर पुढच्या वेळी निघत नाही. पोलादी स्टँड लावल्याशिवाय अशा गाडीखाली कधीही शिरू नये, कारण दाब गेला की ती सावकाश, आवाज न करता बसते.

तेलाची चूक सर्वांत महाग पडते. सुरुवातीच्या डीएसमध्ये लाल तेल होतं. ते हवेतला ओलावा शोषतं आणि आतून गंज धरतो. १९६६ च्या अखेरीपासून हिरवं खनिज तेल आलं, आणि त्यासाठी सगळी रबरं वेगळ्या जातीची बनवावी लागली. म्हणून नव्या भागांना कारखान्यातच हिरवा रंग देत. हिरव्या यंत्रणेत साधं ब्रेक ऑइल ओतलं तर सीलं फुगतात. लाल यंत्रणेत हिरवं ओतलं तरी तेच. २००१ च्या सी५ पासून नारिंगी कृत्रिम तेल आलं. ही यंत्रणा असलेली शेवटची सी५ २०१७ मध्ये बंद झाली, पण सुटे गोळे अजून बनतात. विकत घेताना त्यावर कोरलेला बारचा आकडा आणि मानेतल्या भोकाचं माप जुन्याशी जुळवून बघावं, कारण आटे सगळ्यांचे सारखेच असतात आणि पुढचा गोळा मागे बिनबोभाट बसतो.