कार्डांच्या गठ्ठ्यापासून एसबॅचपर्यंत

पुण्यातल्या आयसर या विज्ञानसंस्थेच्या परम ब्रह्मसारख्या सुपरकॉम्प्युटरवर नव्याने खातं मिळालेल्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट खटकते. आपल्या लॅपटॉपवर प्रोग्रॅमचं नाव टाइप करून एंटर मारलं की तो चालू लागतो. इथे आधी स्क्रिप्ट लिहा, तिच्या डोक्यावर ‘हॅश एसबॅच’ने (#SBATCH) सुरू होणाऱ्या पाच-सहा ओळी टाका, किती नोड (यंत्रात जोडलेले एकेक संगणक), किती कोर, किती मेमरी, किती तास हे आधीच सांगून मोकळे व्हा, मग एसबॅच कमांडने ती स्क्रिप्ट स्लर्म या रांग सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या स्वाधीन करा. बदल्यात मिळतो फक्त एक जॉब नंबर. स्क्यू कमांड मारली की आपल्या जॉबपुढे ‘पीडी’ दिसतं, म्हणजे पेंडिंग. कंसात कारण असतं, बहुतेक वेळा ‘प्रायॉरिटी’ नाहीतर ‘रिसोर्सेस’. वैतागून लॉगिन नोडवरच, म्हणजे सगळे जिथून आत येतात त्या सामायिक संगणकावरच, प्रोग्रॅम चालवला, तर थोड्या वेळात ॲडमिनचा मेल येतो.

हा सगळा सोपस्कार वाटतो खरा, पण त्यातली एकेक ओळ कुठून आली हे बघण्यासारखं आहे. सुरुवात करावी लागते ती १९५०च्या दशकातल्या अमेरिकेत. आयबीएम ७०४ सारख्या यंत्रावर तेव्हा प्रोग्रॅमर वेळ बुक करून यायचा, टेप चढवायचा, भोकं पाडलेली कार्डं लावायचा, काही अडलं तर कन्सोलपाशी उभा राहून डोकं खाजवायचा. तेवढा वेळ यंत्र नुसतं बसून, आणि त्याचं भाडं चालूच. जनरल मोटर्सची संशोधन शाखा आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या दोन गिऱ्हाइकांनी मिळून १९५६ मध्ये या यंत्रासाठी एक छोटा देखरेख प्रोग्रॅम लिहिला. एक काम संपलं की त्याने पुढचं आपणहून चढवायचं, एवढंच त्याचं काम. यंत्र बनवणाऱ्या कंपनीने नव्हे, ते वापरणाऱ्यांनी हे केलं, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. पुढे या क्षेत्रात हेच पुन्हा पुन्हा घडत गेलं.

आता कामं एकामागून एक जाणार म्हटल्यावर एक काम कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं, हे यंत्राला कळायला हवं. त्यासाठी गठ्ठ्यात नियंत्रणाची वेगळी कार्डं घालायची पद्धत पडली. आयबीएमच्या ७०९०-७०९४ यंत्रांच्या काळात अशा कार्डाच्या पहिल्या कॉलममध्ये डॉलरचं चिन्ह असायचं: डॉलर-जॉब म्हणजे नवं काम सुरू. एरवी तेही ऐंशी कॉलमांचं इतरांसारखंच कार्ड. फक्त पहिलं अक्षर पाहून देखरेख प्रोग्रॅम समजायचा की हे आपल्यासाठी आहे, फोरट्रानच्या कंपायलरसाठी नाही. दळणाचा डबा गिरणीत ठेवून यावा तसा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि नंतर छापील कागद घ्यायला जायचं. एखादा स्वल्पविराम चुकलेला असला तर ते दुसऱ्या दिवशी कळायचं.

मुंबईतही हे दिवस होते. टीआयएफआर या संशोधन संस्थेत स्वतः बांधलेलं टिफ्रॅक हे यंत्र १९६० मध्ये पूर्ण झालं आणि १९६४ मध्ये तिथे सीडीसी ३६०० आलं. बाहेरच्या संस्थांची कामंही त्यावर चालत, आणि एका मोठ्या यंत्रावर अनेकांचे गठ्ठे असले की रांग आलीच.

डॉलरच्या कार्डांचं पुढे फार मोठं प्रकरण झालं. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टिम ३६० जाहीर केली. तिच्या ओएस ३६० या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये ही कार्डं वाढत वाढत जेसीएल नावाची अख्खी भाषा होऊन बसली. दोन तिरप्या रेघांनी सुरू होणाऱ्या तिच्या ओळी आजही बँकांच्या मेनफ्रेमवर रोज रात्री चालतात, आणि मुंबई-पुण्यातल्या आयटी कंपन्यांमधल्या कित्येकांनी त्यावर नोकऱ्या काढल्या आहेत. ओएस ३६०चं काम ज्यांच्या हाताखाली सुरू झालं, त्या फ्रेड ब्रुक्स यांनीच नंतर जेसीएलला जगातली सर्वांत वाईट भाषा ठरवलं. त्यांच्या मते चूक अशी झाली की करणाऱ्यांना आपण भाषा बनवतोय हेच कळलं नाही; ते समजत होते, चार नियंत्रण-कार्डं आहेत, झालं. माझ्या मते हा शेरा नंतरच्या जॉब-स्क्रिप्टांनाही थोडाफार लागू पडतो.

जेसीएलमध्ये ‘टाइम’ नावाचा एक पॅरामीटर आहे. काम किती वेळ सीपीयू खाणार ते त्यात सांगायचं. तेवढा वेळ उलटला की यंत्र काम तोडतं आणि कारण म्हणून ‘एस ३२२’ हा कोड छापतं. आज जॉबसाठी आधीच मागून घ्यायच्या वेळेचा, म्हणजे वॉलटाइमचा, हा पूर्वज, पण एक फरक आहे. तिथे मोजला जायचा तो सीपीयूचा वेळ. एका सीपीयूवर आळीपाळीने अनेक कामं चालत असल्याने ते बरोबरच होतं. क्लस्टरवर, म्हणजे अनेक संगणक जोडून केलेल्या यंत्रावर, नोड तुमच्या नावे अडकवून ठेवलेले असतात. तुमचा प्रोग्रॅम डिस्कची वाट बघत झोपला असला तरी दुसऱ्या कुणाला ते वापरता येत नाहीत. म्हणून इथे भिंतीवरच्या घड्याळाचाच वेळ मोजतात.

दरम्यान बाकीचं जग दुसरीकडे निघालं होतं. एमआयटीमध्ये १९६१ मध्ये सीटीएसएस या व्यवस्थेचं प्रात्यक्षिक झालं आणि एकाच यंत्रावर अनेकांनी टर्मिनलसमोर बसून एकाच वेळी काम करायची सोय आली. पुढे युनिक्स आलं, वर्कस्टेशन आलं, पीसी आला. माणसाचा वेळ महाग आणि यंत्राचा स्वस्त, असा हिशेब उलटला. गठ्ठे, खिडकी, दुसऱ्या दिवशीचा कागद हे सगळं जुनाट ठरलं.

सुपरकॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र हिशेब उलटलाच नाही. तिथे यंत्र महागच राहिलं आणि मागणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. कॅलिफोर्नियात नासाच्या एम्स केंद्राने १९८०च्या दशकात क्रे-२ घेतलं. त्यावर चक्क युनिक्स चालायचं, म्हणजे शास्त्रज्ञ आपल्या वर्कस्टेशनवरून थेट आत यायला मोकळे. पण युनिक्सला रांग लावायची सवयच नव्हती. ती उणीव भरून काढायला नासासाठी स्टर्लिंग सॉफ्टवेअर या कंपनीने एनक्यूएस लिहिलं. १९८६च्या सुमारास ते वापरात आलं. क्यूसबने काम टाकायचं, क्यूस्टॅटने पाहायचं, क्यूडेलने काढायचं, ही त्रयी तिथली. आणि कार्डं? ती शेल-स्क्रिप्टच्या कॉमेंटमध्ये जाऊन बसली. शेल, म्हणजे युनिक्सवर कमांडा चालवणारा प्रोग्रॅम, हॅशने सुरू होणारी ओळ वाचत नाही, म्हणून रांग सांभाळणाऱ्याने नेमकी तीच वाचायची. एकच फाइल दोघांनी आपापल्या परीने वाचायची ही युक्ती डॉलर-कार्डाचीच.

ती अजूनही लोकांना गोत्यात आणते. स्लर्म स्क्रिप्ट वरून वाचत येतं आणि पहिली खरी कमांड दिसली की थांबतं. वर सहज एक मॉड्यूल-लोडची (लागणारं सॉफ्टवेअर चढवणारी) ओळ टाकली आणि मेमरीची हॅश एसबॅच ओळ तिच्या खाली राहिली, तर ती ओळ कुणीच वाचत नाही: शेलच्या लेखी ती कॉमेंट, स्लर्मच्या लेखी उशीर झालेला. चूक दाखवली जात नाही. जॉब डीफॉल्ट मेमरीवर चालतो आणि मध्येच मरतो.

एनक्यूएस एकेकट्या मोठ्या यंत्रासाठी घडलेलं होतं, समांतर यंत्रं आणि क्लस्टर आल्यावर ते अपुरं पडलं. त्याच एम्समध्ये १९९१ मध्ये पीबीएस या नव्या रांग-व्यवस्थेचं काम सुरू झालं. त्यांनी एक शहाणपणा केला: जॉबची नोंद ठेवणारा सर्व्हर वेगळा आणि कुणाला आधी सोडायचं ते ठरवणारा शेड्यूलर वेगळा. प्रत्येक नोडवर प्रत्यक्ष काम चालवणारा तिसरा प्रोग्रॅम, त्याचं नाव मॉम. कुणाला प्राधान्य द्यायचं हा प्रत्येक संस्थेचा आपापला कारभार असतो, तेव्हा तेवढाच भाग बदलता यावा हा हेतू. १९९४ मध्ये पॉसिक्स या युनिक्सच्या मानकातही बॅचच्या, म्हणजे रांगेतून कामं चालवायच्या, क्यूसबसारख्या कमांडा आल्या. पीबीएस, त्यातून निघालेलं टॉर्क आणि अगदी वेगळ्या घराण्यातलं सन ग्रिड इंजिन या सगळ्यांत क्यूसब का सापडतं, त्याचं उत्तर इथे आहे. पर्याय मात्र परस्परांशी जुळत नाहीत, हे एकावरून दुसऱ्यावर स्क्रिप्ट नेणाऱ्याला लगेच कळतं. पीबीएसमध्ये जॉब तुमच्या होम डिरेक्टरीत सुरू होतो, स्लर्ममध्ये जिथून टाकला तिथे.

बाकी घराणी थोडक्यात सांगतो. विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८०च्या दशकातच कॉन्डॉर उभं राहिलं. रात्री रिकाम्या पडलेल्या वर्कस्टेशनवर कामं सोडायची ही त्याची मूळ कल्पना. टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधनातून एलएसएफ निघालं आणि शेवटी आयबीएमकडे गेलं.

१९९०च्या दशकात अमेरिकेतल्या अर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेत आयबीएमच्या एसपी यंत्रावर जे झालं, ते या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. समजा ६४ नोडचं यंत्र आहे. ४८ नोडवर एक काम अजून तीन तास चालणार आहे. रांगेत पहिला उभा आहे त्याला ३२ नोड हवेत. सोळा रिकामे आहेत, पण त्याला पुरत नाहीत. साध्या रांगेत तो थांबणार, त्याच्यामागचे सगळे थांबणार आणि सोळा नोड तीन तास वाया. डेव्हिड लिफ्का यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या ईझी शेड्यूलरने यावर बॅकफिल आणलं. पहिल्या जॉबला तीन तासांनंतरची जागा राखून ठेवायची आणि मागून कुणी आठ नोड, दोन तास म्हणत असेल तर त्याला आत्ताच आत सोडायचं. तो वेळेत संपला की पहिल्याचं काहीच नुकसान नाही.

पण हे सगळं उभं आहे ते ‘दोन तास’ या शब्दावर. यंत्राला तुमचा प्रोग्रॅम किती वेळ चालेल हे कळत नाही, तुम्ही सांगाल तेच खरं. म्हणून वॉलटाइम उलटला की जॉब निर्दयपणे मारतात; नाही मारला तर राखलेली जागा राखलेली राहत नाही. लोक मात्र मरणाच्या भीतीने दोन तासांच्या कामाला चोवीस तास लिहितात आणि मग क्यू हलत नाही म्हणून कुरकुरतात. चोवीस तासांचा जॉब फटीत बसत नाही, दोन तासांचा बसतो. हे इतकं सोपं आहे, पण क्लस्टरच्या माहितीपत्रकात ते धड सांगितलेलं क्वचितच दिसतं.

हे चालू असतानाच १९९४ मध्ये नासाच्याच गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी सोळा साध्या ४८६ यंत्रांचं बेओवुल्फ जोडलं. बाजारातले सुटे भाग आणि लिनक्स यांवर क्लस्टर बनतो हे दिसल्यावर विद्यापीठांच्या विभागांतूनही रॅक उभे राहिले. लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळा मोठ्या लिनक्स क्लस्टरांकडे वळली तेव्हा तिला हवं तसं खुलं साधन मिळेना. मग त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. २००२ मध्ये स्लर्म बाहेर आलं. सुरुवातीला त्यात शेड्यूलर जवळजवळ नव्हताच, आला तो आधी एवढंच. हुशारी बाहेरच्या प्रोग्रॅमकडून उसनी घ्यायची. वाढता वाढता ते इतकं पसरलं की आज जगातल्या मोठ्या यंत्रांपैकी कितीतरी त्यावर चालतात.

आपल्याकडे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संगणक-संशोधन संस्था सुरू झाली आणि १९९१ मध्ये ट्रान्सप्युटर नावाच्या चिपांवर बांधलेलं परम ८००० आलं. नंतर २०१५च्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून वाराणसीतलं परम शिवाय आणि पुण्यातलं परम ब्रह्म आलं, तोवर स्लर्म जगभर रुळलं होतं. या यंत्रांवरही तेच आलं. त्यामुळे वाराणसीत लिहिलेली स्क्रिप्ट पार्टिशनचं (नोडांच्या गटाचं) नाव आणि मॉड्यूल बदलून पुण्यात चालवता येते. क्यूसबवर हात बसलेल्या जुन्या मंडळींना एसबॅच अंगवळणी पाडून घ्यावं लागलं, एवढंच.

स्लर्म जिथे जन्मलं त्या लिव्हरमोरने मात्र आता वेगळी वाट धरली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये जगात पहिलं ठरलेलं त्यांचं एल कॅपिटन हे यंत्र फ्लक्स नावाच्या त्यांच्याच नव्या व्यवस्थेवर चालतं. तिच्यात एका जॉबच्या आत स्वतंत्र शेड्यूलर उभा करता येतो, म्हणजे हजारो छोटी कामं मुख्य रांगेला त्रास न देता आतल्या आत वाटली जातात. तिच्या बॅच-स्क्रिप्टच्या डोक्यावरही हॅशने सुरू होणाऱ्या ओळी आहेत. आता त्यांत ‘फ्लक्स’ लिहायचं.