पिसे उपटणे (परसातील कोंबड्यांमधील)

परसात किंवा मळ्यात पाळलेल्या कोंबड्यांनी एकमेकींची पिसे ओढणे, उपटणे आणि कित्येकदा गिळून टाकणे म्हणजे पिसे उपटणे. कळपातल्या एखादीला बाकीच्यांनी सतत टोचून दाणापाण्यापासून हुसकून लावणे ही दादागिरी. बोलताना दोन्हींना ‘कोंबड्या टोचायला लागल्या’ एवढेच म्हटले जाते, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारणे वेगळी, म्हणून उपायही वेगळे. नाशिक जिल्ह्यात मळ्यातल्या वस्तीवर आठ-दहा कोंबड्या नसलेले घर शोधावे लागते. तिथे ही गल्लत झाली की चांगली अंडी देणारी कोंबडी ‘खोड लागली’ म्हणून कापली जाते. बहुतेक वेळा दोष कोंबडीत नसतो, तिला ठेवलेल्या जागेत असतो.

टोचण्याची उतरंड

थोर्लेफ श्येल्डरुप-एब्बे हा नॉर्वेचा प्राणिशास्त्रज्ञ लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण करीत असे. कोण कोणाला टोचते आणि कोण मुकाट्याने सहन करते याची त्याने काटेकोर नोंद ठेवली आणि 1922 साली त्यावर लेखन प्रसिद्ध केले. प्रत्येक कळपात एक उतरंड असते: वरची कोंबडी खालच्या सगळ्यांना टोचते, सर्वांत खालची कोणालाच टोचत नाही. पिल्ले सहा ते दहा आठवड्यांची होईपर्यंत ही क्रमवारी बऱ्यापैकी ठरून जाते. ती ठरली की भांडणे उलट कमी होतात, कारण वरचीने नुसती मान ताठ केली तरी खालची बाजूला सरते. हे टोचणे डोक्यावर, तुऱ्यावर, मानेवर होते आणि एक-दोन टोचांत संपते. त्यात मध्ये पडू नये.

ही उतरंड ओळखीवर उभी असते. पंधरा-वीस दिवस दूर ठेवलेली कोंबडी परतली की कळप तिला परकी समजू शकतो. आठवडे बाजारातून आणलेली तलंग (नुकती अंड्यावर येणारी तरुण कोंबडी) थेट खुराड्यात सोडली की सगळ्या तिच्यावर तुटून पडतात, ते याच कारणाने.

पिसे उपटणे वेगळे का

इथे राग नसतो. पुढची कोंबडी दाणे टिपत असते आणि मागची शांतपणे येऊन तिच्या शेपटीच्या मुळाशी चोच नेते. एक पीस धरते, झटका देते. पुढची ओरडून पळते. मागची ते पीस चोचीत फिरवते आणि गिळते. टोच पाठीवर, शेपटीच्या मुळाशी किंवा गुदद्वाराभोवती असते, डोक्यावर क्वचितच. जुने पीस निघाले तर फारसे रक्त येत नाही, पण नव्याने फुटणाऱ्या पिसाच्या नळीत रक्त खेळत असते. ती नळी तुटली की लाल थेंब दिसतो, आणि तो थेंब बाकीच्यांना बोलावतो. तासाभरात जखम खोल होऊ शकते. पहिल्यांदा अंडे घालताना गुदद्वाराचा भाग बाहेर आलेल्या तलंगेला याच कारणाने सर्वांत जास्त धोका असतो. पुढची पायरी म्हणजे एकमेकींचे मांस खाणे.

आज बहुतेक अभ्यासक याला भरकटलेले अन्नशोधन मानतात. कोंबडीचा पूर्वज असलेला लाल रानकोंबडा दिवसाचा बराच वेळ पाने, माती उकरण्यात आणि टोचण्यात घालवतो. उकिरडा उकरणाऱ्या आपल्या गावठी कोंबडीचा दिवसही तसाच जातो. उकरायला जमीन मिळाली नाही तरी चोचीची भूक शिल्लक राहते, आणि जवळ टोचण्याजोगे काय असते तर शेजारणीचे पीस. ही प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते आणि एकीचे पाहून दुसरीही शिकते. म्हणून हा प्रकार सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यातच लक्ष देणे फार मोलाचे.

नाशिककडची कारणे

पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या गावठी कोंबड्यांत हा प्रकार क्वचित दिसतो. द्राक्षपट्ट्यात, म्हणजे निफाड, दिंडोरीकडे, गोष्ट वेगळी. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत फवारण्या सुरू होतात आणि कोंबड्या जाळीच्या आवारात कोंडल्या जातात. ते योग्यच आहे, फवारलेल्या बागेत त्यांना सोडूच नये. पण कालपर्यंत वेलींखाली पाचोळा उकरणारी कोंबडी आज दहा बाय दहाच्या कोरड्या जागेत उभी असते, याची आठवण कोणाला राहत नाही. बिबट्याच्या भीतीने उसाच्या भागात दिवस मावळायच्या आतच खुराडे बंद होते आणि सकाळी उशिरा उघडते, तेही या कोंडीत भर घालते.

इगतपुरी, त्र्यंबकच्या बाजूला पावसाळ्याचे चार महिने हीच कोंडी असते, वर ओल. खाली टाकलेला भाताचा तूस भिजून घट्ट पपडी झाला की उकरता येत नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, पत्र्याखाली कोंबड्या धापा टाकतात, चिडतात आणि पाण्याच्या भांड्याशी झुंबड उडते.

आहाराचा वाटा मोठा आहे. पीस हे केराटिन या प्रथिनाचे असते. नुसत्या मक्यावर किंवा बाजरीवर ठेवलेल्या कोंबडीला मेथिओनिनसारखी अमिनो आम्ले आणि मीठ कमी पडते, आणि अशी कोंबडी पिसांकडे वळते. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात साधारण 16 टक्के प्रथिने हवीत. लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचे तयार खाद्य) नसेल तर मक्याच्या भरड्यात शेंगदाणा पेंड आणि थोडी सुकट मिसळावी. पूर्वी म्हाताऱ्या बायका पिल्लांना वारुळाची वाळवी आणून घालत, त्यात पोषणाची खरी समज होती. त्याशिवाय गर्दी, रात्रभर जळणारा पांढरा झगझगीत बल्ब, आणि उवा किंवा लाल कोळी (रक्त शोषणारे बारीक जीव) यांची खाज हीही कारणे आहेत.

पाठ उघडी दिसली म्हणजे उपटलेलीच, असे मात्र धरून चालू नये. कोंबड्या वर्षातून एकदा पिसे टाकतात. कोंबडा एक आणि कोंबड्या तीन-चारच असतील तर त्याच्या पायांनीच त्यांच्या पाठी सोलवटतात. एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या ठेवल्या की हा त्रास उरत नाही.

उपाय

रक्त दिसले की आधी ती कोंबडी बाजूला काढावी, उद्यावर ढकलू नये. जखम मिठाच्या कोमट पाण्याने धुवावी, खोबरेल तेलात कालवलेली हळद लावावी. पावसाळ्यात माश्या बसून अळ्या पडतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ पाहावे. जांभळे औषध (जेन्शन व्हायोलेट) लावण्याची जुनी रीत आहे, पण ज्या पक्ष्याची अंडी आणि मांस आपण खातो त्याला ते न लावलेले बरे. जखम खोल असेल तर पशुवैद्यकाकडेच न्यावे.

मग जागेकडे वळावे. दर कोंबडीला खुराड्यात तीन-चार चौरस फूट आणि बाहेर आठ-दहा चौरस फूट मिळाले तर निम्मे काम झाले. दाण्याची आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत, म्हणजे वरचीला सगळीच अडवता येत नाहीत. खालच्या कोंबडीला लपायला एखादी उभी फळी किंवा पालथे डालगे पुरते. तूस कोरडा आणि भुसभुशीत ठेवावा, त्यात मूठभर बाजरी फेकावी. जुन्या टायरमध्ये माती आणि चुलीची राख भरून दिली की त्या धुळीत लोळतात, उवाही कमी होतात. कोबीचा गड्डा किंवा मेथीची जुडी सुतळीने चोचीच्या उंचीवर टांगावी. या जिल्ह्यात पडत्या भावात कोबी मातीमोल होतो, तो इथे सोन्यासारखा उपयोगी पडतो. कांदा मात्र टांगू नये. जास्त खाल्ला तर त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात.

दादागिरी करणारी एकच असेल तर मार खाणारीला नव्हे, तिलाच आठवडाभर वेगळे ठेवावे. परतल्यावर तिचे स्थान पुन्हा ठरते, बहुधा पूर्वीपेक्षा खाली. नवी कोंबडी आणल्यावर रोगांच्या भीतीने दोन-तीन आठवडे दूर ठेवावी, मग आठवडाभर जाळीपलीकडून ओळख होऊ द्यावी आणि शेवटी अंधारात दांडीवर बसवावी. शक्यतो एकटी न सोडता दोघी-तिघी मिळून सोडाव्यात.

मोठ्या पोल्ट्रीत चोच कापतात. परसात ते करू नये. चोचीच्या टोकात मज्जातंतू असतात आणि तीच चोच मोकळ्या कोंबडीचे पोट भरते.

मुळासकट उपटलेले पीस काही आठवड्यांत पुन्हा येते. मधूनच तुटून खुंट कातडीत राहिला, तर पुढच्या पीसझडीपर्यंत तिथे नवे पीस फुटत नाही. म्हणून पाठ उघडी दिसली तरी संध्याकाळी कोंबडी दांडीवर बसल्यावर तिला हातात घ्यावे आणि शेपटीच्या मुळाशी बोट फिरवावे. कोवळ्या नळ्या बोटाला टोचल्या आणि त्या अखंड असल्या, तर उपटणे थांबलेले असते.