पिकअपचा दम कुठे गेला?

मराठीत ‘पिकअप’ हा शब्द दोन कामं करतो. मागे हौदा असलेली गाडी म्हणजे पिकअप, आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी ज्या जोमाने उचलते तोही पिकअप. वीस-पंचवीस वर्षं राबलेल्या गाडीत पहिला शिल्लक राहतो, दुसरा निघून जातो. चढ लागला की गिअर खाली आणावा लागतो, हौद्यात ओझं असेल तर आणखी एक खाली, आणि टाकीचा काटा मात्र पूर्वीपेक्षा भरभर उतरतो.

ताकद हवी तर इंधन जास्त जाळावंच लागणार, असं बहुतेकजण धरून चालतात. नव्या, निरोगी इंजिनाबाबत ते बरंचसं खरं आहे. जुन्या गाडीत मात्र ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही एकाच भोकातून गळत असतात. इंधन जळून तयार झालेला दाब पिस्टनला ढकलण्याऐवजी भलतीकडे गेला, की चाकाला कमी मिळतं आणि तेवढाच वेग राखायला पाय जास्त दाबावा लागतो. म्हणून गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाच्या तब्येतीला परत येईपर्यंत दोन्ही गोष्टी बरोबरीने सुधारतात. त्यापुढे त्यांच्या वाटा फुटतात. जुन्या पिकअपवर खर्च करण्याआधी आपण या फाट्याच्या अलीकडे आहोत की पलीकडे, एवढं पाहावं.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. साध्या जुन्या पेट्रोल इंजिनात त्यातली जेमतेम २५ टक्के क्रँकशाफ्टपर्यंत, म्हणजे पिस्टनच्या ढकलण्याने फिरणाऱ्या मुख्य दांड्यापर्यंत पोचते. बाकीची रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. त्या ७५ टक्क्यांवर मालकाचा फारसा इलाज नाही. पण हे २५ झिजून २० झाले, तर नुकसान पाच टक्क्यांचं नसतं. ताकद एक पंचमांशाने उतरते आणि तेच काम करायला सव्वापट इंधन लागतं. हे पाच परत मिळवता येतात.

त्याआधी मोजमाप. टाकी फुल्ल करायची, गाडी नेहमीसारखी चालवायची, पुन्हा फुल्ल करायची. असं सलग तीन वेळा केलं तरच सरासरीला अर्थ आहे. आणि टायर बघायचे. किलोमीटरचा आकडा हा मुळात चाकाच्या फेऱ्यांचा हिशेब असतो. मूळचे २९ इंच व्यासाचे टायर काढून कुणी ३२ इंचाचे बसवले असतील, तर मीटर १०० किलोमीटर दाखवतो तेव्हा गाडी जवळपास ११० चाललेली असते. म्हणजे ॲव्हरेज जितकं पडलेलं दिसतं तितकं पडलेलं नसतं. पिकअप मात्र खरोखरच कमी झालेला असतो, कारण चाक मोठं झालं की तेवढ्याच गिअरमध्ये रस्त्यावरची ओढ त्याच प्रमाणात घटते. इंजिनाला हात लावण्याआधी ही एक शंका फिटलेली बरी.

मोजमापातली आणखी एक गंमत जुन्या गाडीच्या बाजूने आहे. लिटरला ५ किलोमीटर देणारी गाडी ६ द्यायला लागली, तर शंभर किलोमीटरमागे ३.३ लिटर वाचतात. १५ ची १६ झाली, तर अर्धा लिटरसुद्धा वाचत नाही. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात नेमकी हीच फसगत दाखवली होती: एका लिटरला किती अंतर, या मापामुळे माणसं खादाड गाडीतल्या छोट्या सुधारणेला कमी लेखतात. जुन्या पिकअपमागे मेहनत घेणं फुकट जातं असं म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून पाहावं.

आता इंजिन. सगळ्यात आधी ठिणगीची वेळ, ज्याला गॅरेजमध्ये नुसतं ‘टायमिंग’ म्हणतात. मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगात क्रँकशाफ्ट एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. सिलिंडरमधलं मिश्रण मात्र एका क्षणात फुटत नाही; ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पसरायला दोनएक मिलिसेकंद घेते. दाब सगळ्यात जास्त असावा तो पिस्टन माथ्यावरून साधारण १५ अंश खाली उतरल्यावर, तेव्हाच क्रँकला त्याचा जोर चांगला मिळतो. म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचायच्या बऱ्याच आधी पडावी लागते. ती उशिरा पडली तर ज्योत खाली पळणाऱ्या पिस्टनचा पाठलाग करत राहते आणि उरलेली उष्णता सायलेन्सरच्या वाटेने जाते. गाडी मंद होते, इंजिन तापतं, इंधन जास्त लागतं, तिन्ही एकदम. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनलाच धक्का बसतो आणि इंजिन ठोकायला लागतं.

डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज पोचवणारा भाग, असलेल्या जुन्या गाडीत ही वेळ दोन गोष्टी सांभाळतात. फेऱ्या वाढल्या की स्प्रिंगला जोडलेली छोटी वजनं बाहेर फेकली जातात आणि ठिणगी पुढे आणतात. दुसरी गोष्ट म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला लावलेली पत्र्याची गोल डबी. तिच्यात रबरी पडदा असतो आणि एक बारीक नळी तिला कार्बुरेटरशी, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाशी जोडते. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने गाडी चालते तेव्हा सिलिंडरमधलं मिश्रण विरळ असतं, ते सावकाश जळतं, म्हणून ठिणगी आणखी आधी हवी असते. इंजिन हवा ओढतं त्यामुळे नळीत तयार होणारा व्हॅक्यूम पडदा ओढून ते काम करतो. हा पडदा वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तडकतो. पूर्ण रेस दिल्यावर काहीच जाणवत नाही, कारण तेव्हा व्हॅक्यूम नसतोच. नुकसान होतं ते एकसारख्या वेगात चालताना, म्हणजे प्रवासाच्या मोठ्या भागात. तपासणी फुकटची आहे. इंजिन बंद करून गार होऊ द्यायचं, नळीचं कार्बुरेटरकडचं टोक काढायचं, पुसून तोंडाने ओढायचं आणि जिभेने बंद धरायचं. जीभ चिकटून राहिली तर पडदा शाबूत. हवा येतच राहिली तर नळी चिरलेली किंवा पडदा फाटलेला.

दुसरी तपासणी टायमिंग चेनची, म्हणजे क्रँकच्या फिरण्यावर व्हॉल्व्ह उघडबंद करवणाऱ्या साखळीची. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचं, पाना लावून क्रँकची पुली हाताने एका दिशेला थोडी फिरवायची, मग उलट दिशेला फिरवायला लागायचं आणि झाकणाखालच्या फिरत्या रोटरवर नजर ठेवायची. पुली फिरतेय पण रोटर जागचा हलत नाही, असं आठ-दहा अंशांपर्यंत चाललं तर चेन ढिली झाली आहे. ढिल्या चेनमुळे व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, उशिरा मिटतात, आणि कमी फेऱ्यांमधली ओढ मरते. गाडी चढावर मार खाते ती बऱ्याचदा इथे.

मिश्रणाचं गणितही असंच पोटात शिरून पाहण्यासारखं आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १४.७ किलो हवा लागते. सर्वांत जास्त ताकद १२.५ ते १३ च्या आसपास मिळते, म्हणजे थोडं पेट्रोल जास्त असताना; सगळ्यात चांगलं ॲव्हरेज १५.५ च्या पुढे. पण कार्बुरेटरमधला चोक (गार इंजिनासाठी हवा अडवणारी झडप) अर्धवट अडकला, फ्लोटची (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी वर गेली किंवा जेट (पेट्रोल येण्याचं बारीक भोक) झिजून मोठा झाला, की मिश्रण १२ च्याही खाली घसरतं. मग ताकदही जाते आणि पेट्रोलही. प्लग काढून बघितले तर इंजिन स्वतःच सांगतं: चिनी मातीचं टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त, पांढरंफटक असेल तर हवा जास्त, आणि ओलं तेलकट काळं असेल तर ऑइल वर चढतंय.

फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत हे सगळं कॉम्प्युटर करतो, पण त्याला सेन्सर जे सांगतील तेच खरं वाटतं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचं पाणी अडवणारी झडप, उघडाच अडकला तर इंजिन नव्वद अंशांऐवजी साठ-सत्तरवरच चालत राहतं. गाडी गरम होत नाही म्हणून मालक खूश असतो, आणि इंजिन अजून गार आहे असं समजून कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडत राहतो. धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला की तसंच. अमेरिकी सरकारच्या इंधन बचतीच्या माहितीनुसार, ऑक्सिजन सेन्सरसारखा गंभीर बिघाड दुरुस्त केल्यावर ॲव्हरेज ४० टक्क्यांपर्यंतही सुधारू शकतं. बाजारातलं कुठलंही जादूचं यंत्र याच्या जवळपास जात नाही. तिथल्या पर्यावरण संस्थेने अशी शंभरावर यंत्रं तपासली आहेत, आणि ॲव्हरेजमध्ये ठळक फरक पाडणारं त्यांत काही सापडलं नाही.

एअर फिल्टरबद्दल मात्र एक समज सोडायला हवा. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये केलेल्या चाचण्यांत इंजेक्शनच्या गाडीचा फिल्टर तुंबला तरी ॲव्हरेज जवळजवळ हललं नाही; हवा कमी आली की कॉम्प्युटर पेट्रोलही कमी करतो. पिकअप मात्र कमी झाला. कार्बुरेटरच्या गाडीत दोन्ही घटतात. फिल्टर बदलावाच, फक्त त्याच्याकडून कसली अपेक्षा ठेवायची ते गाडी पाहून ठरवावं.

यातलं काहीही विकत घेण्यापूर्वी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर आतली हवा किती दाबू शकतो ते, तपासलंच पाहिजे, या मताचा मी आहे. सगळे प्लग काढून प्रत्येक भोकात गेज लावून इंजिन स्टार्टरवर फिरवायचं. आकडे एकमेकांच्या जवळ असले तर उत्तम. एखादा सिलिंडर फार खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, कारण ऑइलने फट तात्पुरती बुजवली. चढला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. अशा इंजिनाला नवे प्लग आणि वायरी घालणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

इंजिनाइतकंच चाकांकडे पाहावं. काही किलोमीटर चालवून, ब्रेक फारसा न लावता गाडी थांबवा आणि हात चारही हबच्या, म्हणजे चाकांच्या मधल्या भागाच्या, जवळ न्या, चिकटवू नका. एक हब इतरांपेक्षा तापलेला असेल तर तिथला ब्रेक लायनर घासतोय, किंवा बेअरिंग गेलंय. टायरमधली हवा चारही चाकांत एक पीएसआय कमी झाली तर ॲव्हरेज ०.२ टक्के घटतं; क्षुल्लक वाटतं, पण दहा पीएसआय कमी हवेवर महिनोन्‌महिने धावणाऱ्या गाड्या कमी नाहीत.

आणि वारा. दोन टनांची साधी पिकअप घेतली तर रस्त्याचं घर्षण जवळजवळ सारखंच राहतं, पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० किलोमीटरच्या थोडं पुढे हवेचा विरोध टायरांच्या घर्षणाला मागे टाकतो. एकसारखं ८० ने जायला चाकांवर जेमतेम १८ हॉर्सपॉवर लागतात. नुसत्या हवेसाठी ८० ला ११, तर १२० ला ३८ च्या आसपास. हौद्याचा मागचा फाळका पाडून ठेवला की वारा आरपार जातो आणि इंधन वाचतं, ही समजूत बऱ्याच चालकांची आहे. फाळका लावलेला असताना हौद्यात हवेचा एक भोवरा स्थिरावतो आणि छपरावरून येणारा वारा त्याच्यावरून सरकून जातो. फाळका पाडला की तो भोवरा विस्कटतो, फायदा होत नाही, उलट तोटा होऊ शकतो. हौद्यावर ताणून बसवलेलं सपाट झाकण मात्र थोडी मदत करतं.

इथवर आलं की गाडी फाट्यावर पोचते. आता पुढचा प्रत्येक बदल काही देतो आणि काही घेतो. बॉनेटखालची ६० अंशांची हवा आत घेण्याऐवजी बाहेरची ३० अंशांची घेतली तर ती सुमारे दहा टक्के दाट असते. पूर्ण रेसवर ताकद त्या बेताने वाढते. ॲव्हरेज वाढत नाही. जाड सायलेन्सर पाइप फायदा देतो तो वरच्या फेऱ्यांत, जिथे ओझ्याची गाडी क्वचित जाते. मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर ३.७३ वरून ३.०८ केलं तर त्याच वेगात इंजिन १७ टक्के कमी फिरतं, हायवेचं ॲव्हरेज सुधारतं, आणि चढावरची ओढ तेवढीच हातची जाते. रिकामी धावणारी गाडी आणि रोज ओझं वाहणारी गाडी यांचं उत्तर एक असू शकत नाही.

डिझेल पिकअपमध्ये ठिणगी नाही, पण फवाऱ्याची वेळ आहे, आणि टर्बो असेल तर त्याच्यापासून इंजिनापर्यंतचे रबरी होज आहेत. ते चिरले की ओझ्यावर काळा धूर येतो. पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवणं हा ताकदीचा सोपा उपाय म्हणून सुचवला जातो. माझ्या मते तो करूच नये. धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, आणि वाढलेलं तापमान पिस्टन आणि टर्बोला सोसावं लागतं.

पेट्रोल गाडीत इंजिनातला व्हॅक्यूम दाखवणारा एक व्हॅक्यूम गेज बसवून घ्यावा, असं मनापासून सुचवेन. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिन नुसतं चालू असताना काटा १७ ते २१ इंच पाऱ्यावर स्थिर असतो. हलक्या पायाने थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, अर्धवट बंद राहतो आणि त्या चिंचोळ्या वाटेतून हवा ओढण्यातच पिस्टनचा बराच जोर खर्ची पडतो. म्हणून वेग वाढवताना इंजिन रडवत ठेवण्यापेक्षा वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल मोकळा देणं स्वस्त पडतं. मात्र काटा सहा-सात इंचांपर्यंत खाली आला, की बऱ्याच कार्बुरेटरांतला जोरासाठी ठेवलेला पॉवर व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा पेट्रोल सुरू होतं. चढ नसेल तर पाय तिथून थोडा मागे घ्यायचा. आणि गाडी उभी असताना हाच काटा ठरावीक लयीने खाली झटका द्यायला लागला, तर एखादा व्हॉल्व्ह जळालेला आहे असं समजून कॉम्प्रेशन गेज पुन्हा बाहेर काढायचा.