वादळात पिंजरे उघडतात का?

वादळाचा इशारा आला की गोव्यातल्या ग्रुपांवर हमखास फिरणारा फॉरवर्ड: प्राणिसंग्रहालयवाले पिंजरे उघडून जनावरं रानात सोडतात.

होतं ते नेमकं उलट. बिबट्या-अस्वलांच्या आवारामागे पक्क्या भिंतींची खोली असते. संध्याकाळचं खाणं तिथेच मिळतं, त्यामुळे हाक मारली की ती सवयीनं आत येतात आणि सरकतं दार बंद होतं.

मत्स्यालयात खरी धास्ती वीज जाण्याची. हवेचे पंप थांबले की पाण्यातला प्राणवायू घटतो. म्हणून जनरेटर तयार ठेवतात, खाणंही कमी करतात. विष्ठा कमी, माशांना घातक असा अमोनियाही कमी.

गोव्यातल्या बोंडल्याच्या प्राणिसंग्रहालयात गेलात तर राखणदारालाच विचारा, रात्री जनावरं कुठे असतात. आणि फॉरवर्डमध्ये गाव, तारीख आहे का, तेही बघा. बहुधा नसतेच.